ओल्या बर्फात अडकलेला रोबो: साखळीहून पाहिलेली हॅलिफॅक्सची एक रात्र

घर माझ्या बहिणीचं, हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर. बर्फ तिथला, तो फेकणारं यंत्र तिथलं. यंत्रावर लक्ष ठेवणारा माणूस, म्हणजे मी, मात्र गोव्यात, साखळीत. ही मांडणी ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागे घड्याळाचा साधा हिशेब आहे. हिवाळ्यात हॅलिफॅक्स आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा इथे दुपारचा दीड झालेला असतो. रात्रीतून साचलेला बर्फ त्यांना सकाळच्या आत हटवावा लागतो आणि नेमक्या त्याच वेळी घरचे सगळे झोपलेले असतात. मी जागा असतो, वर्कशॉपमध्ये असतो, आणि यंत्राचा कॅमेरा फोनवर दिसतो.

माझी थोरली बहीण तिथे इस्पितळात नर्स आहे. सकाळच्या पाळीला साडेसहाच्या सुमारास तिची गाडी रस्त्यावर यायलाच हवी. भावोजींची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी फावड्याला हात लावायला मनाई केली आहे. ती मनाई उगीच नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, वर जड बर्फ उचलताना रक्तदाब एकदम चढतो, आणि बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येणं हा त्या देशात दर हिवाळ्यातला धोका आहे. भाचा कॉलेजात आहे, अंगाने धडधाकट आहे, पण अभ्यास करून तो झोपतोच मुळी मध्यरात्रीनंतर. म्हणून त्यांनी बर्फ फेकणारा रोबो घेतला. पैसे बरेच गेले. भावोजींची प्रकृती पाहता मला तो खर्च योग्यच वाटतो.

माझा या विषयाशी संबंध येतो तो खाणीमुळे. डिचोली तालुक्यात खनिजाच्या प्लांटवर मी देखभालीचं काम करत होतो. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा पुन्हा. त्यानंतर मी स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आता पॉवर टिलर, पंप, ग्रास कटर यांची दुरुस्ती करतो. बर्फ मी हाताने कधी धरलेला नाही. पण ओला, चिकट माल नळीतून पुढे सरकत नाही तेव्हा काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बारीक खनिज उतरत्या नळीत, म्हणजे शूटमध्ये, असंच बसायचं.

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. खाली रबरी पट्टे आहेत, रणगाड्याला असतात तसे. पुढे रुंद तोंड, त्यात आडवा मळसूत्री ऑगर. तो बर्फ तोडून मध्यावर ओढतो. मागे चार पात्यांचा इम्पेलर वेगाने फिरतो आणि तो बर्फ वरच्या वळणदार नळीतून, म्हणजे शूटमधून, लांब फेकतो. शूट डावी-उजवीकडे वळतं आणि त्याच्या टोकाची झडप वर-खाली होऊन फेकीचा कोन ठरवते. वाट शोधायला उपग्रहाचा अँटेना आणि कॅमेरे. सगळं विजेवर. बॅटरी उतरली की यंत्र आपोआप अंगणातल्या चार्जिंगच्या जागी परत जातं.

आता त्या रात्रीविषयी.

अटलांटिकवरून येणारं वादळ त्या किनाऱ्याला बरेचदा एका ठरावीक क्रमाने झोडपतं. आधी थंड हवेत कोरडा बर्फ. मग पूर्वेकडचा समुद्री वारा ऊब घेऊन येतो, पारा शून्याच्या किंचित वर चढतो, आणि बर्फ ओला होतो किंवा त्यात पाऊस मिसळतो. शेवटी वारा वायव्येकडून फिरतो आणि तापमान झपाट्याने खाली येतं. जे ओलं होतं ते जागच्या जागी गोठतं. जानेवारीतल्या त्या रात्री हा सगळा क्रम सहा-सात तासांत उरकला.

रात्री एकला यंत्राने पहिली फेरी केली. माझ्याकडे सकाळचे साडेदहा. पारा उणे दोन. जमिनीवर चार बोटं बर्फ, हलका. फेक झकास होती. पांढरा फवारा कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत पडत होता आणि मागे काळं डांबर उघडं होत होतं. काम संपवून यंत्र जागेवर गेलं आणि चार्जिंगला लागलं.

तीनच्या फेरीला पारा अधिक एकवर होता. कॅमेऱ्यात पहिल्या मिनिटालाच फरक कळला. फवारा राहिलाच नव्हता. शूटमधून बर्फ जाड वळकटीसारखा बाहेर येत होता, मधेच तुटत होता, आणि हातभर अंतरावर थपकन पडत होता. अ‍ॅपवर मोटरचा भार वाढलेला दिसत होता. बॅटरी नेहमीपेक्षा लवकर खाली आली आणि अर्धा ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, शिल्लक असतानाच यंत्र परत फिरलं. फिरताना पोटात आणि शूटमध्ये ओला बर्फ तसाच घेऊन गेलं.

पुढच्या दोन तासांत ते चार्ज होत उभं राहिलं. तेवढ्यात वारा फिरला. पाच वाजता पारा उणे चार होता. मधल्या वेळात रस्ता साफ करणारी गाडी येऊन गेली होती आणि तिने लोटलेल्या मालाचा गुडघाभर बांध ड्राइव्हवेच्या तोंडावर बसला होता. तो पांढरा नव्हता. मीठ मिसळलेला, तपकिरी, ढेकळांचा. तिसऱ्या फेरीची वेळ झाली, यंत्राने इम्पेलर फिरवायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. भार वाढल्याची सूचना. यंत्राने मोटर उलटी फिरवून पाहिली, पुन्हा सुलटी, पुन्हा उलटी. मी अ‍ॅपवरून यंत्र थांबवलं आणि भाच्याला फोन लावला. त्याने दुसऱ्या वेळी उचलला.

इथे थोडा थांबतो, कारण या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे. तो जाकीट चढवून बाहेर गेला, व्हिडिओ कॉल सुरू ठेवून फोन खिशाला अडकवला, शूटमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, वरच आहे. हाताने निघेल. काढू?"

"हात अजिबात नको. आधी लाल बटण दाब. मग चावी काढ आणि खिशात घाल. मला चावी दाखव."

त्याने दाखवली.

बर्फ फेकणाऱ्या यंत्रात होणाऱ्या गंभीर दुखापतींमध्ये बोटं आणि हात तुटण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि त्या होतात नेमक्या अशा वेळी: शूट तुंबलेलं, माणूस घाईत, हात आत. मोटर बंद असली तरी अडकलेल्या इम्पेलरवर त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण साठून राहू शकतो. अडथळा निघाला की पातं एक झटका मारतं, आणि बोट जायला तेवढा झटका पुरतो. रोबोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी साध्या यंत्रात नसते. तो स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतो. अ‍ॅपवर 'थांबवलं' म्हणजे वीज तुटली असं नव्हे. मी इथून, सुमारे बारा हजार किलोमीटरवरून, पडद्यावर बोट टेकवून दिलेला थांबा त्या पोराच्या हाताचं रक्षण करू शकत नाही. ते लाल बटण आणि खिशातली चावीच करते. खाणीच्या प्लांटवर शूटमध्ये उतरणारा माणूस स्विचला स्वतःचं कुलूप घालूनच उतरायचा आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही. तोच नियम इथे.

मग त्याने यंत्रासोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या काठीने खणायला सुरुवात केली. बराच वेळ काही हललं नाही. नंतर एक तुकडा सुटा झाला आणि त्याने तो कॅमेऱ्यासमोर धरला. शूटच्या वळणाचा हुबेहूब साचा. बाहेरच्या अंगाला, जिथे तो पत्र्याला टेकला होता, काचेसारखा गुळगुळीत आणि राखाडी. आतल्या अंगाला अजून दाणेदार पांढरा. त्या एका तुकड्यात रात्रीचा सगळा क्रम वाचता येत होता. धातूला लागलेला थर आधी वितळून पाणी झाला, मग गोठला, आणि त्या बर्फाळ अस्तरावर पुढचा ओला बर्फ थरावर थर बसत गेला.

मी त्याला यंत्राबाहेरचा, नुकताच पडलेला बर्फ मुठीत दाबायला सांगितला. झाडाखाली आडोशाला अजून न गोठलेला होता. गोळा पटकन झाला, घट्ट झाला, पण मुठीतून पाणी टपकलं नाही.

या मूठ दाबण्याला शास्त्रीय आधार आहे. बर्फाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यातल्या मोकळ्या पाण्याच्या प्रमाणावरून पायऱ्या केलेल्या आहेत. पाणी शून्य असेल तर तो कोरडा, गोळा होत नाही. आकारमानाच्या ३ टक्क्यांपर्यंत दमट, गोळा होतो. ३ ते ८ टक्के म्हणजे ओला: पाणी दाण्यांच्या फटीत असतं, पण दाबून निघत नाही. ८ ते १५ टक्क्यांत दाबलं की पाणी गळतं. त्यापुढे चिखल. यंत्राला सगळ्यांत जास्त त्रास मधल्या पायऱ्या देतात. कोरडा बर्फ धातूला धरत नाही. चिखल निदान वाहतो. मधल्या अवस्थेत मात्र दाण्यादाण्यामध्ये आणि दाण्या-पत्र्यामध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात, आणि त्यांची ओढ दाण्यांना एकत्र बांधते, पत्र्यालाही चिकटवते. बारीक खनिजाचं हेच. ठणठणीत कोरडं असलं तर धूळ उडवत जातं, पूर्ण भिजलं तर वाहतं. मे अखेरच्या वळवाने अर्धवट भिजलेलं खनिज मात्र हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याच्या, भिंतीला असं लागायचं की घण मारून सोडवावं लागे. म्हणून ताईच्या घरी आता थर्मामीटरच्या आधी मूठ पाहिली जाते.

वजनाचाही विचार हवा. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. ओला २०० ते ३०० किलो सहज. ताईचा ड्राइव्हवे अंदाजे ६० चौरस मीटरचा आहे. त्यावर १५ सेंटीमीटर बर्फ म्हणजे ९ घनमीटर. कोरडा असेल तर टनाच्या आत, ओला असेल तर अडीच टनांच्या आसपास. अ‍ॅपवर दोन्ही रात्री '१५ सेंमी' एवढंच दिसतं. बॅटरी लवकर का उतरली, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे.

उरलेलं निम्मं इम्पेलरमध्ये. पात्याचं टोक आणि गोल आवरण यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. कोरडा बर्फ पात्यावर बसून निघून जातो. ओला त्या फटीतून मागे सरकतो, आवरणाला लेपासारखा लागतो, आणि पातं दर फेऱ्याला तो लेप खरवडत बसतं. ताकद घासण्यात जाते, बर्फाला वेग मिळत नाही, वेग नाही म्हणून तो शूटच्या वळणावर रेंगाळतो, आणि रेंगाळला की चिकटतो. तीनच्या फेरीला दिसलेली ती तुटणारी वळकटी म्हणजे हीच साखळी सुरू झाल्याची खूण होती. आज आमच्या यादीत ती खूण पहिली आहे: फवारा तुटायला लागला की फेरी संपायची वाट पाहायची नाही.

पण माझ्या मते यंत्र बंद पडलं ते ओल्या बर्फाने नव्हे, ओला बर्फ पोटात घेऊन थंडीत दोन तास उभं राहिल्याने. ओल्या बर्फातून ते अर्धं काम करून गेलं होतं. घात झाला तो चार्जिंगच्या जागेवर. साधं यंत्र चालवणारा माणूस काम झालं की इंजिन चालू ठेवून मोकळं फिरवतो, पोट रिकामं करतो, शूट झाडतो आणि मग आत नेतो. हे तो न सांगता करतो. रोबोला बॅटरी संपत आल्यावर फक्त घर आठवतं.

साडेपाच वाजले होते. ताईला निघायला तास उरला होता. भाच्याने काठीने शूट मोकळं केलं, ऑगरमधला बर्फ काढला, रबरी पट्टे आणि चाकं यांच्यात दाबून बसलेली ढेकळंही पाडली. ती तशीच राहिली असती तर पट्टा ताणला जाऊन चाकावरून उतरला असता. कॅमेऱ्याची काच पुसली, अँटेनावरची ओल्या बर्फाची टोपी झाडली. मग ओसरीवर, यंत्राच्या मागे उभं राहून चावी लावली आणि अ‍ॅपच्या हातचालनाने काम सुरू केलं. आपोआप वाट शोधायचं बंद ठेवलं, कारण त्या बांधाकडे पाहून यंत्र त्याला भिंत समजत होतं.

वेगाबद्दल इथे दोन वेगळ्या गोष्टी कराव्या लागल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट वाटतात. ड्राइव्हवेवर उरलेला थर पातळ होता, वरून गोठू लागलेला, खाली ओला. तिथे मी त्याला यंत्र जरा वेगाने न्यायला लावलं. पातळ ओल्या थरात हळू गेलं की इम्पेलरला घास कमी मिळतो, थोडाथोडा माल आत येऊन भिंतींना लागत बसतो. भरपूर माल सतत येत राहिला की मागचा पुढच्याला ढकलतो आणि शूट स्वतःच घासून साफ राहतं. बांधापाशी उलट. तिथे माल जड आणि मुबलक. पूर्ण तोंड खुपसलं असतं तर इम्पेलरचा वेग पडला असता आणि वेग पडला की फेक संपते. म्हणून तिथे यंत्राच्या तोंडाची निम्मीच रुंदी बांधात घालायची, रेंगत पुढे जायचं, भार चढला की मागे घ्यायचं, इम्पेलर पुन्हा पूर्ण वेगात येऊ द्यायचा. दोन्ही ठिकाणी इम्पेलर कायम पूर्ण वेगात. ओल्या बर्फात तो कमी करून बॅटरी वाचवायचा विचारही करू नये.

शूटची झडप पूर्ण वर उचलून ठेवली. वळण जितकं कमी तितकं अडकायला निमित्त कमी. फेकीची दिशा वाऱ्याबरोबर. ड्राइव्हवेचे दोन-तीन पट्टे साफ झाले की दर वेळी यंत्र मोकळं फिरवून पोट रिकामं करणं. मधे एकदा शूट पुन्हा भरू लागलं. त्याने मला न विचारता लाल बटण दाबलं, चावी काढली आणि मगच काठी घेतली. ते पाहून मला फार बरं वाटलं.

पावणेसातला ताईची गाडी बाहेर पडली. बांधाच्या कडेला एक पट्टा राहिला होता, तो गाडीच्या चाकांच्या वाटेत नव्हता. भावोजी खिडकीत उभे होते आणि फावडं घेऊन बाहेर यायचा त्यांचा मोह ताईने दारातच अडवला होता.

त्यानंतर आम्ही काय बदललं, तेही सांगतो.

वेळापत्रक आधी दोन तासांचं होतं आणि ते पाऱ्याकडे पाहत नव्हतं. आता रात्री झोपण्यापूर्वी भाचा तासातासाचा अंदाज पाहतो. पारा शून्य ओलांडणार असेल तर त्याच्या आधी जितकं कोरड्यात उरकता येईल तितकं उरकायचं, म्हणजे फेऱ्या अलीकडे ओढायच्या. पारा वर असताना फेरी करायचीच असेल तर अर्ध्या बॅटरीवर थांबवायची आणि शेवटचं मिनिट मोकळं फिरवण्यासाठी राखायचं. हे मी इथून करतो. आणि पारा खाली कोसळण्याच्या तासाला यंत्राच्या पोटात काही असता कामा नये, मग ड्राइव्हवे अर्धा राहिला तरी चालेल. या शेवटच्या मुद्द्यावर ताईशी माझा थोडा वाद झाला. तिला अर्धा ड्राइव्हवे पटत नव्हता. मी म्हटलं, अर्धा ड्राइव्हवे भाचा पंधरा मिनिटांत फावड्याने काढेल, गोठलेला इम्पेलर नाही काढू शकणार.

यंत्र गॅरेजमध्ये ठेवावं का, हा प्रश्न सोपा नाही. आत ऊब असते, लिथियम बॅटरीला ते बरं. शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं, म्हणून बाहेर उभं असलेलं यंत्र आधी तिला ऊब देत बसतं. पण उबदार धातू घेऊन बर्फात शिरलं की पहिला बर्फ वितळतो, मग धातू गार पडतो आणि ते पाणी अस्तरासारखं गोठतं. म्हणजे त्या तुकड्याची काचेसारखी बाजू पुन्हा. सध्या वादळाच्या रात्री ते बाहेर, छपराखाली असतं. दिवसा आत.

शूट आणि इम्पेलरचं आवरण कोरडं करून त्यावर सिलिकॉनचा फवारा मारतात. उपयोग होतो, पण दाणेदार बर्फ तो घासून नेतो. एका रात्रीपुरता धरायचा. इम्पेलरच्या टोकांना रबराच्या पट्ट्या लावून फट बुजवायचा उपाय तिकडे पेट्रोलच्या यंत्रांवर बरेच जण करतात, आणि कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्याचं रबर त्याला उत्तम. माझ्या वर्कशॉपच्या मागे तसे तुकडे पडलेले आहेत. तरीही मी ते सुचवलं नाही. या यंत्रात विजेचा भार मोजूनच अडथळा ओळखला जातो. रबर आवरणाला घासत राहिलं तर यंत्र त्यालाच अडथळा समजेल, आणि गोठलेल्या रात्री रबराचं टोकच आवरणाला चिकटेल. गॅरंटी जाईल ती वेगळीच.

शूटचं अस्तर मात्र करायचं ठरवलं आहे. प्लांटवर चिकट खनिजासाठी आम्ही शूटच्या आतून घसरट पॉलिथिनचे तक्ते बसवायचो, तोच प्रकार पातळ करून. जोड असा घ्यायचा की माल ज्या तुकड्यावरून आधी जातो त्याची कड पुढच्या तुकड्यावर चढेल, म्हणजे माल कडेत शिरणार नाही. स्क्रूची डोकी आत बुडालेली हवीत, कारण वर राहिलेल्या एका डोक्यालाही ओला बर्फ धरतो. तक्ता मी डिचोलीहून आणून ठेवला आहे. मापं भाच्याकडून यायची आहेत. ती शूट उतरवल्याशिवाय नीट घेता येत नाहीत, आणि तिथे अजून बर्फ पडतोय.